मूळ रेखाटनांचं आणि ॲनिमेशन-चित्रांचं प्रदर्शन कसं मांडावं

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेलं चित्र भिंतीवर लावायला काढलेलं नसतं. ते छपाईचा ठसा बनवणाऱ्या ब्लॉकमेकरकडे जायचं, छापून आलं की त्याचं काम संपायचं. ॲनिमेशनच्या सेलचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर रंगवलेल्या चित्राचं, आयुष्य तर कॅमेऱ्याखालच्या एक-दोन फ्रेमपुरतं. पुष्कळ स्टुडिओंत सेल धुऊन पुन्हा वापरल्या जात किंवा रद्दीत जात. त्यामुळे या चित्रांचा कागद स्वस्त असतो आणि रंग हाताशी असतील ते वापरलेले असतात. कडेला पेन्सिलीत सूचना, चुकलेल्या जागी पांढरा पोस्टर रंग किंवा चिकटवलेला तुकडा. असा माल संग्रहालयात मांडायचा तर तो तैलचित्रांपेक्षा नाजूक समजून चालावं लागतं. शिवाय यातलं सुटं चित्र अर्धीच गोष्ट सांगतं, कारण खरी कृती छापील पानावर किंवा पडद्यावर पूर्ण होते.

पुढची माहिती लहान संग्रहालयं, ग्रंथालयं आणि कला महाविद्यालयांसाठी आहे: एक दालन, बेताचं बजेट, फ्रेमवाला, सुतार आणि इलेक्ट्रिशियन गावातलेच.

निवड: चित्र नव्हे, संच

यादी करताना एकेक चित्र मोजू नका, संच मोजा. मुखपृष्ठाचा संच म्हणजे कच्चं रेखाटन, मूळ रंगीत चित्र आणि छापून आलेला अंक. तिन्ही शेजारी ठेवले की छपाईत कोणता रंग मेला, संपादकाने डोक्यावर अक्षरांसाठी किती जागा मागितली, चित्र किती लहान करून छापलं, हे न सांगता दिसतं. मूळ चित्र बहुधा छापील आकाराच्या दीडपट-दुप्पट असतं आणि लहान झालं की रेषा घट्ट दिसते. हे पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळू द्या.

ॲनिमेशनचा संच मोठा होतो. स्टोरीबोर्डच्या, म्हणजे चित्रांत मांडलेल्या पटकथेच्या, दोन-तीन चौकटी, लेआउट (शॉटची मांडणी दाखवणारं रेखाटन), की ड्रॉइंग (हालचालीतले मुख्य टप्पे), त्यांमधली हालचाल भरणारी इनबिट्विन, एक्सपोजर शीट, सेल, तिच्यामागची बॅकग्राउंड आणि त्याच शॉटची पडद्यावरची काही सेकंदं. सगळं मिळत नाही. निदान तीन टप्पे मिळत नसतील तर तो शॉट सोडून दुसरा शोधा. एक सुटी देखणी सेल लावण्याचा मोह होतो, पण ती नुसती शोभेची वस्तू होऊन बसते.

एक्सपोजर शीटला लोक कंटाळवाणा कागद समजतात आणि वगळतात. ती जरूर लावा. कोणतं चित्र किती फ्रेम धरायचं, कोणत्या थरावर कोणती सेल, कॅमेरा कुठे सरकवायचा हे सगळं तिच्यात असतं. संगीतातल्या माणसांना तर ती चटकन समजते, कारण ती वरून खाली वाचायची मात्रांची मांडणीच आहे.

साधारण हजार चौरस फुटांच्या दालनात चाळीसेक फ्रेम पुरेत. पंचवीस बाय चाळीस फुटांच्या खोलीचा परीघ १३० फूट. दार, खिडकी, पडदा वजा केला आणि प्रत्येक फ्रेमला दोन फूट व मध्ये जेमतेम एक फूट मोकळी जागा धरली की हिशेब तिथेच संपतो. साठ लावल्या तर माणसं विसाव्या चित्रानंतर नुसती चालत सुटतात.

महाराष्ट्रात प्रदर्शन मांडताना सुरुवातीला चित्रकथी ठेवायचा मोह रास्त आहे. पिंगुळीची ठाकर मंडळी एकेक सुटं पान समोर धरून कथा लावतात आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या चित्रकथी आहेत. फक्त त्याला ‘भारताचं पहिलं ॲनिमेशन’ वगैरे म्हणू नका. चित्रांच्या क्रमातून गोष्ट सांगणं आणि चित्रांच्या क्रमातून हालचालीचा भास निर्माण करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परवानगी: चित्र ज्याच्या घरी, हक्क त्याचाच असं नाही

मूळ चित्र कुटुंबाकडून किंवा संग्राहकाकडून उसनं मिळालं म्हणून ते पोस्टरवर, कॅटलॉगमध्ये किंवा मगवर छापता येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं राहतो. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या नावावरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत. रघुवीर मुळगावकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. चित्रपटाला प्रकाशनापासून ६० वर्षं.

त्यातही पैसे देऊन करून घेतलेलं काम, नोकरीत असताना केलेलं काम आणि नियतकालिकासाठी केलेलं काम यांत पहिला मालक कोण हे करारावर ठरतं. म्हणून दोन वेगळी पत्रं घ्या: एक वस्तू उसनी देणाऱ्याचं, दुसरं हक्क असणाऱ्याचं. दुसऱ्या पत्रात दालनात लावणं, प्रसिद्धी, कॅटलॉग, विक्रीच्या वस्तू आणि समाजमाध्यमं यांचा एकेक करून उल्लेख हवा. ‘सर्व कारणांसाठी परवानगी’ असं लिहून घेतलं की पुढे कुरबुर होते आणि ती बहुधा विक्रीच्या कॅलेंडरवरूनच होते.

विमा भिंतीपासून भिंतीपर्यंतचा घ्या, म्हणजे देणाऱ्याच्या घरातून उतरवल्यापासून परत टांगेपर्यंतचा. नुसत्या दालनाच्या विम्यात वाटेतला टेम्पो येत नाही.

उजेडाचं गणित

सगळ्यात जास्त नुकसान उजेडाने होतं आणि ते भरून येत नाही. कागदावरच्या कामाला चित्राच्या पृष्ठभागावर ५० लक्स (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचं माप) ही संग्रहालयांत रूढ असलेली मर्यादा आहे. पण आकडा नुसता तीव्रतेचा नसतो, काळाचाही असतो. अतिसंवेदनशील रंगांसाठी वर्षाला १५,००० लक्स-तास एवढीच शिदोरी धरतात. आता मोजा: ५० लक्स, दिवसाला ८ तास म्हणजे ४०० लक्स-तास. आठवड्याला सहा दिवस, सहा आठवडे म्हणजे ३६ दिवस. एकूण १४,४००. वर्षाचा कोटा संपला. सकाळी झाडलोटीसाठी दिवे तासभर आधी लागत असतील तर आकडा १६,२०० वर जातो आणि मर्यादा ओलांडली जाते. म्हणून सफाईसाठी वेगळा, मंद दिवा ठेवा आणि प्रदर्शन तीन महिने चालवायचं असेल तर मध्यावर चित्रं बदला.

अतिसंवेदनशील कोण? फेल्ट पेन, मार्कर, बाटलीतल्या पारदर्शक रंगीत शाया, फ्लोरोसंट पोस्टर रंग, जलरंगातला पातळ लावलेला अलिझरिन क्रिमझन. साठ-सत्तरच्या दशकांतल्या जाहिरात आणि मुखपृष्ठ कलावंतांनी हे सगळं भरपूर वापरलं आहे. काजळीची काळी शाई टिकते. तिच्याखालचा कागद मात्र पिवळा पडतो. कोणता रंग वापरलाय हे ठाऊक नसेल तर वाईटात वाईट गृहीत धरा.

लक्समीटर विकत घ्या, फोनवरच्या ॲपवर विसंबू नका. दोन फोन शेजारी धरले तर दोन वेगळे आकडे दाखवतात. मीटरचा डोळा चित्राला समांतर, काचेला लागून धरायचा आणि मधोमध व चार कोपऱ्यांत मोजायचं. ट्रॅक लाइट जास्त प्रखर वाटला तर आधी अंतर वाढवा, कारण अंतर दुप्पट केलं की उजेड सुमारे चौथाई होतो. मग डिमर. स्वस्त डिमरवर काही एलईडी लुकलुकतात, तेव्हा खरेदीपूर्वी दिवा आणि डिमर जोडून बघा. ३००० केल्विनचे म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, रंग नीट दाखवणारे म्हणजे सीआरआय ९० च्या वरचे दिवे घ्या. दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून तीसेक अंश कलता असावा. यापेक्षा सरळ खाली आणला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते, यापेक्षा आडवा केला तर काचेत बघणाऱ्याचंच तोंड दिसतं.

खिडक्या पूर्ण बंद करा. पातळ पडदा उपयोगाचा नाही.

५० लक्स म्हणजे अंधार, अशी तक्रार पहिल्या दिवशीच येते. बाहेर भर दुपारचं ऊन लाखभर लक्सचं असतं आणि माणूस त्यातून थेट आत शिरतो. दारातून आत आल्यावर पाच-सहा पावलांचा मधला टप्पा ठेवा: तिथे दीडशे-दोनशे लक्स, प्रस्तावनेचा फलक, तिकीट. तेवढ्यात डोळे सरावतात. दुसरा उपाय भिंतीचा. पांढऱ्या शुभ्र भिंतीवर जुना कागद मळकट दिसतो. मध्यम करड्या भिंतीवर तोच कागद उजळ दिसतो, उजेड तेवढाच असूनही.

टोकियोत १९७७ साली सुरू झालेल्या चिहिरो कला संग्रहालयाने चित्रकार इवासाकी चिहिरोच्या नाजूक जलरंगांच्या उच्च दर्जाच्या डिजिटल प्रती करून मूळ चित्रांना विश्रांती देण्याची पद्धत ठेवली आहे. आपल्याकडे प्रत लावणं म्हणजे फसवणूक असं मानतात. तसं काही नाही, पाटीवर ‘प्रत’ असं स्पष्ट लिहा म्हणजे झालं.

माउंट आणि फ्रेम

फ्रेमवाल्याला चित्र देताना तोंडी सूचना देऊ नका, कागदावर लिहून द्या. त्यात पहिली ओळ: कडा कापायच्या नाहीत. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, चित्राच्या कडेवर आणून बसवण्याची फ्रेमवाल्यांना सवय असते. पण या चित्रांचा जीव कडेलाच असतो. छपाईच्या टक्केवारीच्या नोंदी, क्रॉप मार्क (चित्र कुठे कापायचं त्या खुणा), ‘निळा कमी’ असली शेरेबाजी, ॲनिमेशनचा कागद जागेवर बसवणाऱ्या खुंट्यांची म्हणजे पेगची भोकं, सीन क्रमांक. माउंटची खिडकी कागदापेक्षा सगळीकडून एक सेंटिमीटर मोठी कापायला सांगा म्हणजे अख्खा कागद दिसतो.

माउंट बोर्ड आम्लमुक्त, शक्यतो कापसाचा, चार पदरी. बाजारातला साधा माउंट बोर्ड आतून लाकडाच्या लगद्याचा असतो; काही वर्षांत खिडकीच्या कडेभोवती तपकिरी रेघ उमटते. सेलोटेप, मास्किंग टेप, डबलटेप, फेव्हिकॉल, रबर सोल्युशन यांतलं काहीही मूळ कागदाला लागता कामा नये.

चित्र बोर्डाला जोडायचं ते जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी, वरच्या कडेच्या दोन टोकांजवळ. बिजागरीची पट्टी कापू नका, पाण्याची रेघ ओढून फाडा म्हणजे तंतू मोकळे राहतात आणि कडेचा वळ समोरून दिसत नाही. चिकटवायला गव्हाच्या निव्वळ स्टार्चची खळ:

एक भाग स्टार्च, चार ते पाच भाग शुद्ध पाणी. अर्धा तास भिजत ठेवा. मंद आचेवर सतत ढवळत वीस ते तीस मिनिटं शिजवा. दुधाळ रंग जाऊन ती काचेसारखी पारदर्शक होते. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकायची.

घरातली कणीक किंवा मैदा चालत नाही, त्यातलं ग्लूटेन किड्यांना बोलावतं आणि कडक होतं. बाइंडरकडच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेला असतो. तांबं कागदाला वर्षानुवर्षं खातं, म्हणून तीही नको. आणि चारी बाजूंनी चिकटवू नका. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला पसरायला जागा मिळाली नाही की लाटा येतात. या लाटांना ओलावा कारणीभूत धरला जातो, पण दोष बहुतेक वेळा चिकटवण्यातच असतो.

प्रवास असेल तर अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक वापरा, ते फुटत नाही. पेस्टल, खडू, कोळसा असेल तर मात्र काच. ॲक्रिलिकवरच्या स्थिर विजेने भुकटी ओढली जाते. दोन्ही वेळा चित्र आणि काच यांच्यात चार-पाच मिलिमीटरचं अंतर हवंच.

सेल: हिला वेगळे नियम

सेल म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, समोरून शाईच्या रेषा, मागून रंगाचे सपाट थर. जुनी प्लास्टिकं सेल्युलोज नायट्रेटची, पुढची ऍसिटेटची. नायट्रेट पेट घेणारं असतं. तशी शंका असेल तर दालनात न लावता तज्ज्ञाला दाखवा. ऍसिटेट हळूहळू विघटित होतं, व्हिनेगरचा वास येतो, ती आक्रसते, वाकते. त्या वाफेने शेजारच्या सेलही लवकर बिघडतात. डबा उघडताच आंबट वास आला तर तो डबा इतरांपासून लगेच वेगळा करा. ए-डी स्ट्रिप नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात एक दिवस ठेवल्यावर निळ्याची हिरवी, पुढे पिवळी झाली की आम्ल किती ते कळतं.

काही साधे नियम. पावडर नसलेले नायट्रिल हातमोजे, कारण बोटाचा ठसा प्लास्टिकवर कायम उमटतो. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, मागचा रंग आणि पुढची शाई दोन्ही पाण्याने निघू शकतात. एकमेकींवर थप्पी लावायची नाही. उकाड्यात रंग मऊ होऊन वरच्या सेलला चिकटतो आणि उचलताना पापुद्रा सोबत येतो. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात नकोत. सेल फ्रेममध्ये हवाबंद कोंडू नका, मागच्या फळीला वर-खाली बारीक भोकं ठेवा आणि त्यावर आतून जाळीचा कागद लावा.

रंगाचे पापुद्रे सुटलेली सेल उभी टांगू नये. तिला पंधरा-वीस अंशांच्या उतरत्या फळीवर, बंद शोकेसमध्ये ठेवा. गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने डिस्नीच्या ॲनिमेशन रिसर्च लायब्ररीबरोबर या सुटणाऱ्या रंगावर बराच अभ्यास केला आहे आणि त्यात हवेतल्या दमटपणाची भूमिका मोठी आहे. पण पापुद्रे बसवायचे प्रयोग जतनतज्ज्ञाने करायचे असतात, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री नव्हे.

सेल आणि बॅकग्राउंड एकत्र दाखवायची असेल तर पेगची भोकं जुळवा: मध्ये गोल, दोन बाजूंना लांबट. ती जुळली की पात्र बॅकग्राउंडवर नेमक्या जागी येतं. डोळ्याच्या अंदाजाने ठेवलेली सेल जाणकाराला लगेच कळते, पात्राचे पाय जमिनीवर टेकलेले नसतात. आणि मूळ बॅकग्राउंड त्याच शॉटची नसेल तर जोडी लावूच नका. बाजारात अशा जुळवलेल्या जोड्या पुष्कळ फिरतात.

हालचाल दाखवायची कशी

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम. बहुतेक हाताचं ॲनिमेशन दोन-दोन फ्रेमला एक चित्र या हिशेबाने होतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एका सेकंदाची १२ चित्रं ओळीने लावा. बारा फील्डच्या (हा ॲनिमेशनच्या कागदाचा एक ठरलेला आकार) कागदाची रुंदी साधारण साडेबारा इंच, म्हणजे १२ कागदांना ३८१ सेंटिमीटर आणि मध्ये पाच-पाच सेंटिमीटर सोडले तर जवळजवळ ४३६. साडेचार मीटरची भिंत फक्त एका सेकंदासाठी. माणसं तिथे थांबतात ती याच आकड्यापाशी.

त्याच ओळीच्या टोकाला तीच १२ चित्रं पडद्यावर. नुसतं एका सेकंदाचं आवर्तन डोळ्याला त्रास देतं. असं करा: आधी सेकंदाला चार चित्रं या गतीने, तीन सेकंद, मग खऱ्या गतीने चार वेळा, चार सेकंद, मग शेवटच्या चित्रावर दोन सेकंद थांबा. नऊ सेकंदांचं हे आवर्तन एकाच फाइलमध्ये २०० वेळा जोडा म्हणजे अर्ध्या तासाची फाइल होते. पेनड्राइव्हवर छोटी फाइल लूपवर लावली की बरेच टीव्ही दर फेरीला काळा पडदा किंवा फाइलचं नाव दाखवतात. ते अर्ध्या तासाने एकदा झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही.

टीव्हीत हालचाल ‘गुळगुळीत’ करणारी सोय असते, कंपनीगणिक तिचं नाव वेगळं. ती बंद करा. ती चालू राहिली तर टीव्ही स्वतःच मधली चित्रं बनवून घुसवतो आणि ॲनिमेटरने मुद्दाम ठेवलेला ठेका नाहीसा होतो. ॲनिमेशनच्या प्रदर्शनात ही सर्रास दिसणारी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक आहे. जुना चौकोनी चित्रपट ताणून रुंद करू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. वीज जाऊन आली की टीव्ही आपोआप सुरू होऊन तीच फाइल वाजवतो का, हे मेन स्विच बंद करून तपासा. नाहीतर रविवारी दुपारी पडद्यावर ‘नो सिग्नल’ तरंगत राहतं आणि रिमोट कुणाच्या तरी खिशात असतो.

एका दालनात आवाज एकाच पडद्याचा. बाकीच्यांना हेडफोन. पडद्याचा उजेड शेजारच्या चित्रावर पडतो, तोही लक्समीटरने मोजा. शक्यतो पडदा चित्रांच्या काटकोनात, दोन मीटर दूर.

मुलांसाठी झोएट्रोप, म्हणजे फिरवलं की फटींतून आतली चित्रं हलताना दिसतात असं पिंप, करून घ्या, सुताराचं एका दिवसाचं काम आहे. ३० सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर उंच पिंप, जाड पुठ्ठ्याचा. खाली गोल फिरणाऱ्या थाळीचं बेअरिंग. वरच्या अर्ध्या भागात सारख्या अंतरावर १२ उभ्या फटी, प्रत्येक तीन ते चार मिलिमीटर रुंद, आठ सेंटिमीटर लांब. बाहेरून आणि फटींच्या पातळीला आतूनही काळा, चमक नसलेला रंग. चित्रांची पट्टी आतल्या खालच्या भागात: परीघ ९४ सेंटिमीटर, म्हणजे एकेका चित्राला पावणेआठ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त जागा. उजेड वरून, पिंपाच्या आत. सेकंदाला एक फेरी या वेगाने फिरवलं की फटीतून पलीकडची चित्रं हलतात.

बिघडतं ते असं. फट रुंद झाली तर चित्र धूसर. फार अरुंद झाली तर अंधार. पट्टीवर ११ किंवा १३ चित्रं आली तर पात्र जागेवर न राहता पिंपाच्या कडेने सरकत जातं. ही चूक मुद्दाम करून बघायला द्या, मुलांना तीच जास्त आवडते. लुकलुकणाऱ्या एलईडीखाली चित्रं थरथरतात, तेव्हा चांगल्या ड्रायव्हरचा दिवा वापरा. बघण्याची फट जमिनीपासून ९५ ते १०० सेंटिमीटरवर आणि मोठ्यांनी वाकावं. पट्ट्या कागदाच्या असल्याने रोज फाटतात. तीसेक प्रती आधीच छापून ठेवा.

टांगणं

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर. शाळांच्या सहली जास्त येणार असतील तर १३० वर आणा, मोठ्यांना त्रास होत नाही. खिळ्याची उंची काढायचं सूत्र: १४५ अधिक फ्रेमच्या उंचीचा निम्मा भाग, वजा फ्रेमच्या वरच्या कडेपासून कडीपर्यंतचं अंतर. फ्रेम ६० सेंटिमीटरची आणि कडी ७ वर असेल तर १४५ + ३० − ७ = १६८. तारेवर एका खिळ्याने टांगू नका, दोन कड्या आणि दोन स्क्रू. तारेवरची फ्रेम जाता-येता धक्के लागून तिरकी होते आणि चोरायलाही सोपी.

फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी किंवा बुचाची गोळी लावा म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती ओल धरतात. जून ते सप्टेंबर त्या भिंती मोकळ्या सोडा किंवा पुढे दोन इंच सोडून पार्टिशन उभारा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती स्थिर हवी. दिवसा एसी, रात्री बंद, ही पद्धत नुसत्या पंख्यापेक्षा वाईट: रोज कागद आक्रसतो आणि फुगतो. ६५च्या वर आर्द्रता टिकली तर बुरशीची भीती. निवडायची मोकळीक असेल तर असं प्रदर्शन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा.

भिंतींचा रंग चित्रं येण्याआधी निदान दोन आठवडे लावून झालेला हवा. शोकेस एमडीएफची असेल तर आतून ॲल्युमिनियमचा अडथळा लावल्याशिवाय त्यात सेल किंवा कागद ठेवू नका, त्या लाकडातून आम्लाच्या वाफा येत राहतात.

पाट्या

मराठी पाट्यांचा अक्षर आकार इंग्रजीच्या सवयीने ठरवू नका. मात्रा, रफार, उकार धरून देवनागरीला ओळींमध्ये जास्त मोकळीक लागते. २२ ते २४ पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट. जाड ठसा नको, मंद उजेडात ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात. एका पाटीवर साठेक शब्द. छपाईवाल्याकडे युनिकोड मजकूर पाठवाल तर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. अक्षरांच्या बाह्यरेषा केलेली पीडीएफ द्या आणि एक नमुना छापून हातात घेऊन वाचा.

पाटीचा क्रम: चित्राचं नाव, वर्ष, साधन, आकार (आधी उंची, मग रुंदी), कशासाठी काढलं, कुठे छापलं किंवा दाखवलं, कुणाकडून आलं. साधन नेमकं लिहा. ‘मिश्र माध्यम’ हा शब्द टाळा. ‘काळी शाई, पोस्टर रंग, चिकटवलेला कागद’ असं लिहिलं की माणूस परत चित्राकडे वळून तो चिकटवलेला कागद शोधतो.

ॲनिमेशनमध्ये नावांचा प्रश्न नाजूक आहे. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून विभाग उभारला, डिस्नीत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर तिथे तयार झाले. पण एकेका शॉटमागे की काढणारा, इनबिट्विन करणारा, शाई भरणारा, रंग भरणारा असे वेगवेगळे हात असत. दिग्दर्शकाचं नाव प्रत्येक कागदाखाली चिकटवणं चूक आहे. कागद कुणाचा हे माहीत नसेल तर ‘रेखाटन: अज्ञात, दिग्दर्शन: अमुक’ असं दोन ओळींत लिहा. रंग भरणाऱ्यांत स्त्रिया असतील आणि नावं मिळत असतील तर ती आधी शोधा. श्रेयनामावलीत ती सहसा सापडत नाहीत, पगारपत्रकात सापडतात.

डिजिटल कामाला मूळ प्रत नसते, म्हणून छापील प्रत ३०० जीएसएमच्या कापसाच्या कागदावर घ्या, नमुना दालनातल्या दिव्याखालीच तपासा आणि शेजारी थरांची फोड दाखवा.

आल्यावर आणि जाताना

चित्रं आली की खोके चोवीस तास दालनातच न उघडता ठेवा. गार गाडीतून दमट हवेत एकदम काढलेल्या काचेवर आतून घाम धरतो. मग देणाऱ्याच्या माणसासमोर उघडा. समोरून, मागून आणि बाजूने तिरका उजेड टाकून फोटो, प्रत्येक डाग, घडी, फाटका कोपरा नकाशावर खूण करून नोंदवा, दोघांच्या सह्या. तिरक्या उजेडातला फोटो चुकवू नका, उचललेला रंग त्यातच दिसतो.

उतरवताना तीच कागदपत्रं पुढ्यात घेऊन त्याच क्रमाने परत तपासा. प्रत्येक चित्राच्या फोल्डरवर पेन्सिलीने लिहा: किती दिवस लावलं, किती लक्स, एकूण लक्स-तास. पुढचा मागणारा येईल तेव्हा ते चित्र यंदा बाहेर काढायचं की नाही, हे त्या नोंदीवरून ठरवता येतं.